शेवटच्या पानावरही तेवढेच वजन

जाड मुलीच्या गोष्टीचा शेवट आपल्याला बहुधा आधीच ठाऊक असतो. मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत बारीक होते, केस मोकळे सोडते, आणि जे तिला हसले होते त्यांची तोंडे आपोआप बंद होतात. गोष्ट सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मुलीला धीर द्यावा असेच त्याच्या मनात असते, पण ती वाचणाऱ्या मुलीपर्यंत एवढेच पोहोचते की तिचे खरे आयुष्य अजून सुरू व्हायचे आहे आणि ते काही किलोंच्या पलीकडे कुठेतरी थांबलेले आहे. ज्यूली मर्फी या अमेरिकी लेखिकेची 2015 साली प्रसिद्ध झालेली ‘डम्पलिन’ ही किशोरवयीन वाचकांसाठीची कादंबरी मला महत्त्वाची वाटते ती सर्वांत आधी याच कारणासाठी, की तिची नायिका शेवटच्या पानावरही तेवढ्याच वजनाची आहे. मधल्या काळात तिची जिवलग मैत्री तुटते आणि पुन्हा जुळते, ती प्रेमात पडते, आईशी असलेले ताणलेले नाते थोडे सैलावते. वजनकाट्याचा काटा मात्र हलत नाही आणि तो हलवावा असे लेखिकेला कुठेही वाटत नाही.

नायिकेचे नाव विलोडीन डिक्सन, वय सोळा, गाव टेक्सासमधले क्लोव्हर सिटी, जे लेखिकेने कल्पनेने वसवलेले आहे. त्या गावात मुलींची एक सौंदर्यस्पर्धा दरवर्षी मोठ्या थाटात होते. विलोडीनची आई रोझी तरुणपणी ती स्पर्धा जिंकलेली आहे आणि आता तीच ती भरवते. मुलीला ती लाडाने ‘डम्पलिन’ म्हणते, आणि त्या लाडाचा मुलीला काय त्रास होतो हे तिच्या लक्षात येत नाही. घरातले खरे मायेचे माणूस म्हणजे लूसी मावशी. कादंबरी सुरू होते तेव्हा तिला जाऊन काही महिने झालेले असतात. छत्तीसाव्या वर्षी, 498 पौंड, म्हणजे सुमारे 226 किलो वजन असताना, ती हृदयविकाराच्या झटक्याने गेलेली असते. तिच्या सामानात विलोडीनला त्याच सौंदर्यस्पर्धेचा एक जुना, कधीच सादर न केलेला अर्ज सापडतो आणि पुढे ती स्वतःच स्पर्धेत नाव देते. मी स्वतः एका सोळा वर्षांच्या मुलीची मावशी आहे, हे पुस्तक मला त्या भाचीनेच वाचायला दिले, त्यामुळे लूसीची पाने मी इतर पानांपेक्षा सावकाश वाचली, हे सांगायला हवे.

पण कादंबरीचा गाभा त्या स्पर्धेत नाही. सुरुवातीची विलोडीन न्यूनगंडाने पिचलेली मुलगी नाही. आपण जाड आहोत हे ती स्वतःच सहज बोलून टाकते आणि आपल्या शरीराशी तिचे बऱ्यापैकी जमलेले असते. ज्या बर्गरच्या दुकानात ती काम करते तिथला बो नावाचा देखणा मुलगा तिच्या प्रेमात पडतो, आणि ज्या क्षणी त्याचा हात तिच्या पाठीवरून कमरेकडे सरकतो त्या क्षणी तिचा सगळा आत्मविश्वास गळून पडतो. त्याच्या बोटांना आपल्या पाठीवरची वळी लागली असेल, आता तो काय विचार करत असेल, या एकाच प्रश्नाने ती आक्रसून जाते. तो काही वाईट बोललेला नसतो, उलट त्याला ती हवी असते. हेटाळणी करणाऱ्यांना तोंड देणारी मुलगी प्रेमाने जवळ घेणाऱ्यापुढे कोसळते, हे लेखिकेने जसे पकडले आहे तसे मी इतरत्र फारसे वाचलेले नाही. शत्रूपुढे आपण सावध असतो, चिलखत घालून उभे असतो. जवळच्या माणसाच्या स्पर्शाला मात्र ते काढून ठेवावे लागते, आणि मग वर्षानुवर्षे ऐकलेले सगळे शब्द एकदम अंगावर येतात.

हे आक्रसणे मला ओळखीचे आहे. दहावीच्या निरोप समारंभाला साडी नेसायची म्हणून आई मला लक्ष्मी रस्त्यामागच्या एका गल्लीतल्या शिंप्याकडे घेऊन गेली होती. दुकान इतके अरुंद की मशीन दारातच, दोरीवर तयार ब्लाउज ओळीने अडकवलेले, आणि सणासुदीचे दिवस असल्यामुळे फळीवर आधीच तीन बायका बसलेल्या. गळ्यात टेप घातलेले मास्तर एकेक माप घेऊन आकडा मोठ्याने सांगत आणि आत बसलेला मुलगा तो वहीत उतरवून घेई. छाती, कंबर, मुंढा, दंड. दंडाचा आकडा ऐकल्यावर फळीवरच्या एका बाईने माझ्याकडे मान वळवून पाहिले आणि मी पोट आत ओढून, श्वास कोंडून उभी राहिले. मास्तरांनी टेप सैल सोडला आणि म्हणाले, ‘‘श्वास सोड बाळ, नाहीतर माप चुकेल.’’ आई मागून म्हणाली, ‘‘जरा घट्टच शिवा हो मास्तर, बारीक व्हायचंय तिला आता.’’ त्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘‘मी आजच्या मापानं शिवतो वहिनी. आत दोन टिपा सोडून ठेवतो, लागलं तर उसवता येईल.’’

आईच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. तिची माया आणि तिची काळजी यांची भाषाच तशी होती, आणि पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत ती आजही तशीच आहे. हळदीकुंकवाला गेलेल्या मुलीला दारातच ‘‘अगं, किती सुटलीस!’’ असे म्हणणाऱ्या काकूंना आपण तिची चौकशीच केली असे वाटते. जेवताना दुसऱ्या पोळीला हात घातला की सगळ्यांची नजर ताटाकडे वळते, आणि वाढणारा हात क्षणभर थबकतो. गॅदरिंगच्या नाचात उंच आणि अंगाने भरलेल्या मुली मागच्या रांगेत उभ्या केल्या जातात. ‘खात्यापित्या घरची दिसते’ हे कौतुक कधी आणि टोमणा कधी हे ज्याच्या त्याच्या आवाजावर ठरते. मुलगी विशीत आली की वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जावर उंची, वर्ण आणि वजन यांचे रकाने भरण्याची वेळ येते, आणि लहानपणापासून ‘‘पुढे कसं व्हायचं तुझं’’ या वाक्याने ज्याची आठवण करून दिली जात होती ते ‘पुढे’ हेच, हे तिला तेव्हा कळते. यातला एकही माणूस तिचे वाईट चिंतत नसतो. म्हणूनच तिला कुणावर रागावता येत नाही, आणि जो राग बाहेर काढता येत नाही तो ती स्वतःच्या शरीरावर काढते.

काळजीची ही भाषा कायम अशीच होती असेही नाही. माझी आजी दर सुट्टीत आम्हा नातवंडांना पाहून पहिले वाक्य ‘‘किती वाळलीस गं!’’ असेच म्हणायची, मग मूल कितीही गुटगुटीत असो. तिच्या लेखी अंग भरणे म्हणजे आजारपण टळणे, पोटाला मिळणे, कुणीतरी लक्ष देत असणे. दोन पिढ्यांत तेच अंग भरणे दोष होऊन बसले. फिजी बेटांवरच्या एका प्रसिद्ध अभ्यासात हा बदल फार कमी काळात घडताना टिपलेला आहे. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 साली टेलिव्हिजन पोहोचला. तिथे तोवर भरलेल्या अंगाचे कौतुक होते आणि कुणी रोडावले तर घरच्यांना काळजी वाटे. अ‍ॅन बेकर या अमेरिकी संशोधिकेने त्या भागातल्या शाळकरी मुलींची पाहणी टेलिव्हिजन आल्याबरोबर केली आणि 1998 साली पुन्हा केली. तेवढ्या काळात खाण्याविषयीच्या विकृतीची चिन्हे दाखवणाऱ्या मुलींचे प्रमाण 12.7 टक्क्यांवरून 29.2 टक्क्यांवर गेले होते. पडद्यावरच्या बायका पाहून मुलींना आपले आई-आज्यांसारखे शरीर नकोसे झाले. तीन वर्षांत शिकलेली ही लाज होती. माझी भाची तर फोनवर रोज तिच्या वयाच्या मुलींचे फिल्टर लावून गुळगुळीत केलेले चेहरे आणि कमरा पाहते, आणि तिच्या पिढीला ‘आजीच्या नजरेतून स्वतःकडे पाहा’ असे सांगून काही उपयोग नाही, कारण ती नजर त्यांच्या वाट्याला फारशी आलेलीच नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याला बगल देऊन चालणार नाही. जाडीचे असे लाड करायचे का, मुलींच्या आरोग्याचे काय? कादंबरी या प्रश्नापासून पळत नाही. लूसी मावशीचा मृत्यू कादंबरीत सुरुवातीपासून आहे आणि विलोडीनच्या आईच्या सगळ्या भीतीचे मूळही तिथेच आहे. एका बहिणीला अशी गमावलेल्या बाईने मुलीच्या ताटाकडे धास्तीने पाहावे यात न समजण्यासारखे काही नाही. पण लूसीविषयी विलोडीनला खरी हळहळ वाटते ती तिच्या मृत्यूपेक्षा तिच्या जगण्याची. मावशी किती गोष्टींपासून आधीच दूर राहिली, किती ठिकाणी गेलीच नाही, तो अर्ज तिने का भरून दिला नाही, हे तिला छळते. लाजेने मावशीचे वजन एका पौंडानेही कमी केले नाही, तिचे दिवस मात्र कमी केले, असे मला ती पाने वाचताना सतत वाटत राहिले.

आणि आरोग्य डोळ्यांनी मोजता येते हा आपला समज तर याच शहरातल्या संशोधनाने केव्हाच मोडीत काढला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. शेजारी शेजारी उभे असलेले दोन सडपातळ पुरुष, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, 22.3. तपासणीत मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण 9.1 टक्के निघाले आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा याज्ञिकांच्या चमूने 1990च्या दशकापासून जो अभ्यास केला त्यातही हेच दिसले: सरासरी 2.7 किलोंची ही बाळे इंग्लंडमधल्या साडेतीन किलोंच्या बाळांपुढे किडकिडीत, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने टिकून राहिलेली, कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक असलेल्या आपल्या लोकांत मधुमेह एवढा का, या प्रश्नाचे उत्तर या दिशेने शोधले जात आहे. ज्या घरात बारीक मुलगी ‘ठणठणीत’ आणि जाड मुलगी ‘काळजी’ असे गणित असते, तिथे तपासणी दोघींचीही व्हायला हवी आणि टोमणा दोघींपैकी कुणालाच नको. आरोग्याचे नाव घेऊन जे बोलले जाते त्यातले बरेचसे दिसण्याविषयीचेच असते. नाहीतर रक्ततपासणीचा आग्रह ब्लाउजच्या मापाच्या आग्रहाएवढा तरी धरला गेला असता.

या कादंबरीतली मला सर्वांत धाडसी वाटलेली गोष्ट विलोडीनच्या वाकडेपणाची आहे. तिच्या पाठोपाठ स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींमध्ये मिली नावाची मुलगी आहे, विलोडीनपेक्षाही जाड, गुलाबी कपड्यांची हौस असलेली, सदा हसतमुख. विलोडीन सुरुवातीला तिच्याशी फार कोरडेपणाने वागते. आपल्याला जगाने जसे मोजले तसेच ती मिलीला मोजते, आणि आपण निदान तिच्याएवढ्या नाही हा दिलासा मनातल्या मनात घेते. स्वतः सोसलेले माणूस दुसऱ्याला समजून घेतेच असे नाही, हे किशोरवयीन वाचकाला इतक्या स्वच्छपणे सांगणे सोपे नाही. माझ्या शाळेतही आम्ही दोन जाड मुली कधी एका बाकावर बसलो नाही. एकत्र दिसलो तर हसू दुप्पट होईल हे न बोलता दोघींनाही कळलेले होते. मिली मात्र कुणाच्या दिलाशाची वाट पाहत नाही. तिला स्पर्धेत यायचे असते कारण तिला ती मनापासून आवडते, आणि हे कारण तिला पुरेसे वाटते. लेखिकेने पुढे 2018 मध्ये मिलीवर वेगळी कादंबरी लिहिली याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही, कारण या पुस्तकातच ती नायिकेपेक्षा ठळक होऊ लागली होती.

सगळेच मला पटले असे नाही. विलोडीनवर एकाच वेळी दोन मुलांचा जीव जडणे ही सोय वाटते, आणि दुसऱ्या मुलाच्या भावनांशी पुस्तक न्यायाने वागत नाही. त्याहून मोठी अडचण स्पर्धेची आहे. जी स्पर्धा मुलींच्या शरीरांना क्रम लावते त्याच स्पर्धेच्या मंचावर उभे राहून स्वतःचा स्वीकार सिद्ध करावा लागावा, हे मला खटकते. मंचावर जाण्याचे बळ नसलेल्या, नुसतेच शांतपणे पोहायला जावे, बिनबाह्यांचा कुर्ता घालावा, फोटोत मागे न लपता पुढे उभे राहावे एवढीच इच्छा असलेल्या मुलीचे काय? फर्ग्युसन रस्त्यावर कपडे घेताना ‘फ्री साइज’ची चिठ्ठी लावलेला टॉप दंडात अडकतो, दुकानदार मान हलवतो, मैत्रिणी दुसरीकडे पाहतात आणि मुलगी ‘‘मला तसाही रंग आवडला नव्हता’’ म्हणते. तिथे टाळ्या वाजवायला प्रेक्षक नसतात. स्वीकाराची खरी जागा मला तिथे दिसते आणि या पुस्तकात तशा जागा थोड्या आहेत.

पुस्तक माझ्या ताईनेही, म्हणजे भाचीच्या आईनेही वाचले. तिच्याशी बोलताना माझ्या वाचनातली एक उणीव भरून निघाली. मी आणि भाची दोघीही रोझीवर चिडलो होतो. ती दरवर्षी स्पर्धेच्या रात्री आपला तरुणपणीचा विजेतेपदाचा गाऊन घालते, आणि त्यात मावण्यासाठी आधी कितीतरी दिवस पोटाला चिमटा घेते. आम्हाला ती गर्विष्ठ वाटली. ताई म्हणाली, ‘‘मला तर ती बाई सगळं पुस्तकभर उपाशीच दिसली. मुलीला काय वेगळं शिकवणार ती?’’ ताईने हे शांतपणे म्हटले आणि नंतर विषय बदलला, पण मला तिच्या कपाटातला लग्नातल्या पैठणीवरचा ब्लाउज आठवला, जो ती टाकतही नाही आणि उसवतही नाही. आपल्याकडच्या आयांनी मुलींना जे ऐकवले ते त्यांनी आधी स्वतःला ऐकवलेले असते, सकाळी पर्वतीच्या 103 पायऱ्या चढताना, उपासाच्या दिवशी खिचडी नाकारताना, फोटो काढताना मुलाला पुढ्यात उभे करून स्वतः झाकून घेताना. ‘तू स्वतःला स्वीकार’ हे सोळा वर्षांच्या मुलीला एकटीला सांगणे मला म्हणूनच अन्यायाचे वाटते. जिच्या घरात कुणीच स्वतःला स्वीकारलेले नाही, तिने ते कुणाकडे पाहून शिकायचे? ही जबाबदारी आधी मोठ्यांची आहे: त्यांनी मुलींसमोर स्वतःच्या पोटाला, दंडांना, रंगाला नावे ठेवणे थांबवायला हवे.

मराठीत किशोरांसाठी चांगले लिहिले गेले आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्यात येऊन अख्ख्या पिढीचा मित्र झाला आणि बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून घराघरांत गेले. पण या वाचनात मला भेटलेली जाड मुले बहुतेक वेळा खादाड आणि विनोदी होती, सहलीला डबा संपवणारी, झाडावर न चढता येणारी. मुलींच्या शरीराविषयी तर शुकशुकाटच होता. माझी भाची हा विषय इंग्रजीतून वाचते आणि टेक्सासच्या गावात स्वतःला शोधते, हे तिच्या दृष्टीने ठीकच आहे. पण तिच्या घरातले टोमणे मराठीत आहेत, आणि त्यांना उत्तर देण्यासाठी लागणारी वाक्ये तिला मराठीतूनच मिळायला हवीत.

ती कादंबरी पुण्यात कुठे घडेल याचा मी अनेकदा विचार करते, आणि माझ्या डोळ्यांपुढे ढोल-ताशा पथक येते. भाची यंदा पथकात गेली. गणपतीच्या आधी नदीपात्रालगत संध्याकाळी सराव असतो. ढोल कमरेला दोरीने आवळून बांधतात, खांदे मागे घेऊन, पाय रोवून उभे राहावे लागते, आणि सुरुवातीच्या दिवसांत कमरेवर दोरीचे वळ उठतात. तिथे तिच्या रुंद खांद्यांचे कौतुक झाले. ‘‘हिला ढोल शोभतो,’’ असे पथकातली एक ताई म्हणाली, आणि भाचीने घरी येऊन ते वाक्य आम्हाला दोनदा सांगितले. मला आनंद झाला, तरी कादंबरी लिहिणाऱ्या व्यक्तीने इथे थांबू नये असे वाटते. शरीर कामाला आले म्हणून ते क्षम्य ठरले, असा अर्थ त्यातून निघू नये. जिला ढोल पेलत नाही, जी धापा टाकते, जी सराव अर्ध्यावर सोडते, तिलाही त्या गोष्टीत तेवढीच जागा हवी. तिला प्रेम मिळावे, अपमानही झाले तर व्हावेत, आणि तिने स्वतः दुसऱ्या एखाद्या मुलीला दुखवावे, विलोडीन मिलीला दुखवते तसे, कारण त्याशिवाय ती खरी वाटणार नाही. शिंपी असावा, फ्री साइजचा टॉप असावा, आजीचे ‘वाळलीस’ असावे. आणि आईला निदान एक अख्खे प्रकरण द्यावे, तिच्या स्वतःच्या नावाने, ज्यात ती घरातल्या सगळ्यांबरोबर पानावर बसून गरम पोळी तुपासह खाते आणि त्याबद्दल कुणाला काही स्पष्टीकरण देत नाही. हे लिहिणारी मुलगी आज पुण्यातल्या कुठल्यातरी महाविद्यालयात असेल, तर तिने फार वाट पाहू नये. वाचणाऱ्या मुली आत्ता सोळा वर्षांच्या आहेत.